एका ट्रकची कंपनी

ऑरिन टीगने उभा जन्म दुसऱ्याच्या नावाचा ट्रक चालवला. दारावर नाव कंपनीचं, त्याखाली गाव कंपनीचं, त्याखाली सरकारी नंबर कंपनीचा. ऑरिनचं त्यात काय, तर बुडाखालची सीट, आणि तीही नोकरी असेपर्यंत. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या त्या डोंगराळ मुलखात अशी माणसं पैशाला पासरी सापडतील. पायनी फोर्क गावात तर दर तिसऱ्या घरात एक ड्रायव्हर, आणि तो सुट्टीला घरी आला की दोन दिवस नुसता झोपतो.

पण ऑरिनच्या डोक्यात एक किडा वळवळत होता, आणि तो शिरला कॉय स्टॅम्प्सच्या मयतीत. कॉय त्याचा जिवाभावाचा मित्र, दोघं एकाच कंपनीत चाकरीला. त्या दिवशी कॉय तापानं फणफणला होता. गाड्या सोडणाऱ्या माणसाला त्यानं फोन केला तर तो म्हणाला, "गोळी घे आणि नीघ, माल कुणासाठी थांबत नाही." कॉय निघाला. स्पेन्स घाटाच्या शेवटच्या वळणावर त्याची गाडी रस्ता सोडून गेली ती समोरून येणाऱ्या एका शाळेतल्या बाईंनाही मोटारीसकट ओढ्यात घेऊन गेली. दोघंही गेले.

मयतीनंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण असतं, तसं होतं. आयाबायांनी घरून आणलेले पदार्थ, कागदी ताटल्या, हळू आवाजातलं बोलणं. कंपनीचा मालकही काळा कोट घालून हजर. ऑरिननं ताटली ठेवली आणि त्या माणसाला ऐकू जाईल अशा बेतानं मोठ्यानं म्हणाला, "माझी कंपनी असती ना, तर मालकानं ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय गाडी जागची हलली नसती! फोनवरून नाही. समोर उभं राहून." कॉयची बायको ज्युएल कोपऱ्यात बसली होती, तिनं फक्त मान वर केली.

मयतीत माणूस काय वाट्टेल ते बोलतो हो, कोण धरून बसतं? पण ऑरिन स्वतःच धरून बसला. चार-पाच वर्षं धुमसला, आणि साठी जवळ आल्यावर त्यानं नोकरीचा राजीनामा फेकला. नेड्रानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, आईकडून आलेली ओढ्याकाठची जमीन विकली, आणि त्यातून एक जुना हिरवा ट्रक आणि सपाट ट्रेलर दारात आला. जमीन विकताना ती रडली. तसं तिनं ऑरिनला सांगितलंही, "मी रडलेय, हे लक्षात ठेव. हा धंदा बुडाला तर मी तुला जेवायला वाढणार नाही."

आता ट्रक आला म्हणजे धंदा सुरू, असं तुम्हाला वाटेल. ऑरिनलाही तसंच वाटलं होतं. पण राज्याची हद्द ओलांडून भाड्यानं माल न्यायचा तर वॉशिंग्टनची परवानगी लागते, आणि वॉशिंग्टन म्हणजे काय गावची पंचायत नव्हे. नेड्रा शाळेच्या कचेरीत नोकरीला. कागदाला न घाबरणारी घरात तीच एक. स्वयंपाकघरातलं टेबल तिनं पुसून काढलं, कॉम्प्युटर मांडला आणि जाहीर केलं, "हे टीग हॉलिंगचं मुख्य कार्यालय. चिखलाचे बूट बाहेर काढायचे."

अर्ज केला आणि सरकारी नंबर लगेच त्याच बैठकीत आला. ऑरिननं आरोळी ठोकली. गावभर फोन झाले. शेजारचा म्हातारा अभिनंदन करायला हरणाच्या मांसाची पुडी घेऊन आला. ऑरिननं तर टोपी घातली, किल्ल्या उचलल्या.

"कुठं निघालास?" नेड्रा.

"होबर्टच्या लाकडाच्या गिरणीत. फळ्या भरायला."

"बस खाली. हा नुसता नंबर आहे. तू या जगात आहेस एवढंच त्यांनी मान्य केलंय. माल न्यायचा अधिकार वेगळा, तो अजून यायचाय."

"म्हणजे बारसं झालं, पण पोरानं रडायचं नाही?"

"नाही रडायचं. रडलं तर दंड आहे."

ही चूक त्या मुलखात निम्मे लोक करतात. नंबर आला की दारावर रंगवून मोकळे, आणि पहिल्याच तपासणी नाक्यावर गाडी अडकते. नेड्रामुळे ऑरिन वाचला. पण पुढे जे सुरू झालं ते काही विचारू नका, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! कुणाची हरकत असेल तर नोंदवा म्हणून सरकारनं त्याचं नाव जाहीर करायचं, आणि तोवर थांबायचं. विमा कंपनीनं परस्पर वॉशिंग्टनला कळवायचं, आणि तोवर थांबायचं. उद्या कुणी खटला भरलाच तर प्रत्येक राज्यात ऑरिनच्या वतीनं नोटीस घेणारा माणूस नेमायचा. "मला शेजारच्या राज्यात कुत्रं ओळखत नाही," ऑरिन म्हणाला, "आणि खटला भरायला लोक अलास्कात टपून बसलेत?" विम्याचा हप्ता ऐकून तर तो अंगणात जाऊन उभा राहिला. तो हप्ता महिन्याच्या महिन्याला भरला नाही तर विमा जाणार, आणि विमा गेला की सरकार अधिकार काढून घेणार. थोडक्यात, गाडी चालली तरच हे घर चालणार होतं. विकायला दुसरी जमीन नव्हती.

त्यात दलालांचं आणखी वेगळंच. माल मिळवून देणाऱ्या दलालांना फोन केला की पहिला प्रश्न, "नंबरचं वय किती?" ऑरिन सांगायचा, मी जन्मभर ट्रक चालवतोय. ते म्हणायचे, तुझं नाही विचारलं, नंबरचं. नवा म्हटलं की फोन ठेवायचे. एकटा होबर्ट तेवढा शब्दाला पक्का. त्याची ओकच्या फळ्यांची गिरणी, व्हिस्कीच्या पिंपांसाठी लागतात त्या. "ज्या दिवशी तुझा अधिकार येईल ना ऑरिन, त्या दिवशी केंटकीचा पहिला माल तुझा," तो म्हणाला होता. "पण मला उशीर चालत नाही, तुला माहितीये."

थांबण्याच्या त्या दिवसांत नेड्रानं दुसरी फाइल काढली. ड्रायव्हरची. सरकारचा नियम असा की प्रत्येक कंपनीनं आपल्या प्रत्येक ड्रायव्हरची फाइल ठेवायची. मग कंपनीत माणूस एकच असला तरी मालक वेगळा आणि ड्रायव्हर वेगळा. मालक ऑरिनकडे ड्रायव्हर ऑरिननं नोकरीसाठी अर्ज करायचा. मालक ऑरिननं जुन्या कंपनीला पत्र लिहून विचारायचं, हा टीग नावाचा माणूस कसा आहे हो? नशापाण्याच्या तपासणीसाठी छोट्या कंपन्यांच्या ड्रायव्हरांची नावं एकत्र टाकून चिठ्ठी काढतात, त्यातही त्याचं नाव घालायचं.

"म्हणजे चिठ्ठी निघाली की मीच मला सांगायचं, जा रे बाटलीत मूत?"

"हो. आणि नाही मुतलास तर तूच तुला कामावरून काढायचं," नेड्रा म्हणाली.

हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून घरात तो खेळच झाला. कचरा टाकायला सांगितला की ऑरिन म्हणायचा, ते ड्रायव्हरचं काम, मी मालक. दुसरा पाव मागितला की नेड्रा म्हणायची, मालकाला विचार. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ऑरिनला वाटलं आपण इतके एकत्र कधी हसलोच नव्हतो. तो कायम रस्त्यावर असायचा, हसणार कधी?

एका संध्याकाळी उकडलेला घेवडा आणि मक्याचा पाव खाऊन झाल्यावर नेड्रानं चष्मा लावला आणि ताठ बसली. "चला. मुलाखत. मालकाच्या वतीनं मी विचारणार. नाव?"

"ऑरिन टीग, मॅडम."

"आधीची नोकरी का सोडली?"

"मालक गाढव होता, मॅडम."

"नवा मालक कसा वाटतो?"

"तो पण गाढवच आहे, पण त्याची बायको देखणी आहे."

"प्रश्नाला धरून बोला." तिनं हसू दाबलं. "कधी गाडी चालवताना चक्कर, अंधारी, शुद्ध जाणं?"

"छे."

तिनं पुढचा प्रश्न विचारला. त्याचंही उत्तर त्यानं दिलं. पण काय विचारलं आणि काय सांगितलं हे त्याला नंतर आठवेना.

कारण ते "छे" खोटं होतं. सप्टेंबरमध्ये, नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात, तो स्पेन्स घाट उतरत होता. सकाळची वेळ, ऊन पडलेलं, झोप नीट झालेली. रेडिओवर कुणीतरी खताचे भाव सांगत होतं. आणि मग रेडिओवर गाणं लागलेलं होतं, आणि त्याची उजवीकडची चाकं गवतात होती, आणि गाडी आपली आपण चालली होती. मधलं काहीच नव्हतं. झोप लागली तर माणसाला कळतं, मान लवते, दचकून जाग येते. हे तसलं नव्हतं. जगच मधून कापून काढल्यासारखं झालं होतं. त्यानं गाडी उभी केली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मागून कुणी आलं नाही. कुणी बघितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात हायवेलगतच्या दवाखान्यात सरकारी तपासणी होती. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी हेच विचारलं होतं. तिथंही तो "छे" म्हणाला. रक्तदाब ठीक, डोळे ठीक, कान वयाप्रमाणे. बाईंनी गाडी चालवायला योग्य असल्याचं दोन वर्षांचं कार्ड हातात ठेवलं. ऑरिननं स्वतःची समजूत घातली, एकदाच झालं. पोटात काही नसेल. डॉक्टरनंच कार्ड दिलंय म्हटल्यावर मी कोण शहाणा? नेड्राला सांगायचं त्यानं अनेकदा मनात आणलं, पण तेव्हा जमीन विकून झाली होती, ट्रक दारात उभा होता. ती म्हणाली असती, जाऊ दे ऑरिन, नको चालवूस. हे ती इतक्या लगेच म्हणाली असती की त्याचीच त्याला भीती वाटत होती.

नोव्हेंबर लागला. झाडं बोडकी झाली, सकाळी ओढ्यावरून धुकं वर यायचं ते दुपारपर्यंत हटायचं नाही. एका दुपारी ज्युएल स्टॅम्प्स आपले रंगाचे डबे घेऊन आली. ट्रकची दारं रंगवावीत तर तिनंच. कोठारं, दुकानांच्या पाट्या, सगळ्या तालुक्यात तिचा हात. आजकाल लोक छापील अक्षरं चिकटवतात. पण ऑरिनला रंगवलेलंच नाव हवं होतं, आणि तिच्याच हातचं.

ती शिडीवर बसली, दोरीला खडू लावून रेघ मारली आणि काम सुरू केलं. हात जराही हलत नव्हता. ऑरिन खाली डबा धरून उभा.

"त्या कंपनीची दारंही मीच रंगवायचे," ती म्हणाली. "कॉयच्या गाडीचंसुद्धा. तो म्हणायचा, ज्युएल, एखादं अक्षर माझं पण घाल गं कोपऱ्यात."

"मला आठवतं."

"तू हॉलमध्ये बोललास, ते पण मला आठवतं. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. तू बोललास." तिनं ब्रश पुसला. "पण एक सांगू का, ऑरिन? त्या सकाळी मीही कॉयला विचारलं होतं. दारात उभं राहून, तोंडाकडे बघून. बरा आहेस का रे? म्हणाला, ठणठणीत. फोनवर त्या माणसाला आजारी म्हणून सांगितलं आणि मला म्हणाला ठणठणीत. बायको काळजी करेल म्हणून."

"ड्रायव्हरला विचारून उपयोग नसतो. ड्रायव्हर खोटं बोलतो. त्याला कर्ज असतं, घर असतं, अब्रू असते. मालकाला ठाऊक असायला पाहिजे. मालकाला कळलं आणि तरी त्यानं गाडी सोडली, तर मग ते..." ती थांबली आणि हिरव्या दारावर पांढऱ्या रंगानं शेवटचा आकडा काढायला लागली. मग म्हणाली, "म्हणून पैसे घेणार नाही मी. हे दार मी आनंदानं रंगवलंय. इथून तरी कुणी तसा जाणार नाही."

ती उतरून लांब जाऊन बघू लागली. टीग हॉलिंग. पायनी फोर्क. आणि खाली नंबर. सुंदर झालं होतं, अगदी दृष्ट लागावी असं. नेड्रानं बाहेर येऊन बघितलं आणि ऑरिनच्या दंडाला धरून उभी राहिली. ऑरिनला तेव्हाच ओरडून सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण कॉफी घेणार का, एवढंच त्यानं ज्युएलला विचारलं.

त्यानंतर त्याला जेवण जाईना. नेड्राला वाटलं, परवानगीची काळजी. तिनं रोज सकाळी कॉम्प्युटर उघडून बघायचं आणि अजून नाही म्हणून मान हलवायची. आणि ऑरिन, ज्यानं यासाठी सगळं पणाला लावलं तो ऑरिन, तिनं मान हलवली की मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास सोडायचा. स्वतःची त्याला लाज वाटत होती. उद्या येऊ नये, परवा येऊ नये, कधीच येऊ नये. वॉशिंग्टननंच नाही म्हणावं, म्हणजे आपल्याला म्हणायला नको.

पण वॉशिंग्टन नाही म्हणालं नाही. एका मंगळवारी नेड्रा किंचाळली, "आला! ऑरिन, अधिकार आला! चालू आहे लिहिलंय!" तिनं त्याला मिठी मारली, लगेच होबर्टला फोन लावला. होबर्ट म्हणाला, "उद्या सकाळी भरायला या. केंटकीवाले वाट बघतायत." ती शाळेत कळवून रजा घेऊन बसली, कारण पहिली गाडी निघताना तिला दारात उभं राहायचं होतं.

बुधवारी सकाळी तिनं तिकडची मऊ, पावासारखी बिस्किटं भाजली, वर पांढरी दाट ग्रेव्ही ओतली, डबा भरला. ऑरिन बाहेर गाडी तपासत होता. ड्रायव्हर निघण्याआधी तपासतात तसं, त्याच क्रमानं, जन्मभराच्या सवयीनं. दिवे लागले. ब्रेकमधली हवा टिकली. लाकडी दांडक्यानं एकेक टायर ठोकून बघितला, आवाज चांगला येत होता. साखळ्या, पट्टे, आरसे. कशातही खोट नव्हती. गाडीची खोट काढता आली असती तर त्याला बरं वाटलं असतं. इंजिन धडधडत होतं आणि धुक्यात दारावरची पांढरी अक्षरं ओली झाली होती.

होबर्टच्या गिरणीकडून केंटकीला जायला रस्ता एकच. स्पेन्स घाट. शाळेच्या बसगाड्या त्याच वेळी वर येतात.

तो दाराजवळ बराच वेळ उभा राहिला. मग बूट काढून घरात आला आणि टेबलाशी बसला.

नेड्रानं ताटली पुढे सरकवली. खुशीत होती. "काय मालक? ड्रायव्हर आला का कामावर?"

"आला होता. परत पाठवला."

ती खळखळून हसली. "पहिल्याच दिवशी? का रे, दारू पिऊन आला होता?"

"नाही. सप्टेंबरात स्पेन्स घाटात त्याची शुद्ध गेली होती. गाडी चालवताना. किती वेळ ते त्याला ठाऊक नाही. गाडी गवतात गेल्यावर कळलं."

नेड्राचं हसू अजून तोंडावरच होतं, तिला ते कुठं ठेवावं कळेना. खेळ आहे की खरं, हे ती त्याच्या चेहऱ्यावर शोधत होती. मग ती हळूच समोरच्या खुर्चीत बसली. बाहेर इंजिन चालूच होतं.

"डॉक्टरला सांगितलं नाही त्यानं?"

"नाही."

"माझ्यासमोर मुलाखतीत छे म्हणाला."

"हो."

तिचा आवाज बारीक झाला. "आणि मालकाला? इतके दिवस मालकालासुद्धा नाही सांगितलं?"

ऑरिननं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

"मालकाला सांगायला कशाला हवं, नेड्रा?" तो म्हणाला. "मालक तिथंच होता."

तिनं त्याचे हात धरले नाहीत. शिव्याही दिल्या नाहीत. ती उठली, त्याच्या कोटाच्या खिशात किल्ल्या शोधल्या, तिथं नव्हत्या, मग आठवलं की त्या गाडीतच आहेत. सपाता घालूनच ती ओल्या अंगणात गेली, हिरवं दार उघडून पायरीवर चढली. ऑरिनला खिडकीतून तिची पाठ दिसत होती. किल्ली कुठल्या बाजूला फिरवायची हे तिला चटकन कळेना, म्हणून इंजिन आणखी थोडा वेळ चालत राहिलं, आणि मग बंद पडलं.

मग ती आत आली, त्याची ताटली गार झाली होती ती उचलून पुन्हा गरम केली आणि त्याच्यापुढे ठेवली. होबर्टला फोन करायचा होता. तो कुणी करायचा, मालकानं की ड्रायव्हरनं, हे दोघांनीही विचारलं नाही.